वल्हवणाऱ्याला काय दिसतं

‘पलीकडच्या किनाऱ्यावर नजर रोखून शेखर जोमाने वल्ही मारू लागला. त्याच्या पाठीमागे बसलेल्या मधुराचे केस वाऱ्यावर भुरुभुरु उडत होते.’ रामहरीने ही वाक्यं एकदा मोठ्यानं वाचली, एकदा मनात वाचली, मग पुस्तक मिटून मांडीवर आपटलं. दुपारचे तीन वाजले होते. पंखा गरम हवा इकडून तिकडे ढकलत होता. पलंगावर त्याची बायको रंभा पालथी पडलेली होती आणि तिच्या कपाळाखाली जुन्या लुगड्याची चुंबळ होती, म्हणजे नाकाला श्वास घ्यायला जागा राहील. त्या चुंबळीतून तिचा आवाज आला, काय झालं म्हणून. काही नाही, असं तो म्हणाला. मग वाचा की, ती म्हणाली. पण त्याला वाचवेना. पलीकडच्या किनाऱ्यावर नजर रोखून! लिहिणारा कधी होडीत बसला तरी होता का? वल्हवणारा किनाऱ्याकडे पाठ करून बसतो एवढं साधं ज्याला ठाऊक नाही, त्यानं तीनशे पानं लिहावीत, ती छापली जावीत, आणि भवानी पेठेतल्या एका खोलीत त्रेसष्ट वर्षांच्या निवृत्त माणसानं ती घसा सुकेपर्यंत वाचावीत, हा कुठला न्याय.

बारा दिवसांपूर्वी रंभाच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. भाजी निवडताना तिला डोळ्याच्या कडेला काळं फडकं लोंबल्यासारखं दिसायला लागलं, आणि दोन दिवस तिनं ते कुणाला सांगितलं नाही, कारण हातातली कादंबरी संपायची होती. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, डोळ्यात वायूचा फुगा सोडला आणि सांगितलं की पंधरा दिवस तोंड खाली, दिवसरात्र, जेवताना आणि मोरीत जाताना काय सूट असेल तेवढीच. फुगा वर चढून पडद्याला दाबून धरणार, तेव्हा कुठं पडदा चिकटणार. नाही चिकटला तर? तर पुढचं पुढे, डॉक्टर म्हणाले होते, आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं होतं. डावा डोळा तिचा आधीच अधू. लेक वैष्णवी पुण्याहून येऊन दोन दिवस राहून गेली, जाताना म्हणाली, बाबा, तुम्ही तिला वाचून दाखवा, नाहीतर ती पडून राहायची नाही. रामहरीनं उभ्या आयुष्यात वर्तमानपत्र आणि पाण्याच्या वेळापत्रकाखेरीज काही वाचलं नव्हतं. तीस वर्षं त्यानं शहराच्या गल्ल्यांतून लोखंडी चावी खांद्यावर टाकून पाण्याचे व्हॉल्व्ह उघडले आणि बंद केले होते. उजनी धरणाचं पाणी. लोक त्याला शिव्या घालायचे, चहाही पाजायचे. ते पाणी आपल्या गावावरून येतं हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि नळाखाली घागर धरून उभ्या असलेल्या बाईला सांगून करायचं तरी काय होतं?

पुस्तकं आणायलाही त्यालाच जावं लागे. पेठेच्या टोकाला, सूतगिरणीच्या मालाच्या दुकानावरच्या माडीवर ते वाचनालय होतं, आणि तिथं टेबलामागे अमिना बसायची, पन्नाशीची, चष्मा गळ्यात लटकवलेली. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं होतं, बायकांची असतात तसली कुठलीही कादंबरी द्या. अमिनानं त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्यानं किराणा दुकानात जाऊन ‘कुठलंही धान्य द्या’ म्हटलं होतं. मग उठून तिनं मागच्या कपाटातून तीन पुस्तकं काढली. एकाच्या मुखपृष्ठावर तळं आणि होडी. दुसऱ्याच्या मुखपृष्ठावर खाडी आणि होडी. तिसऱ्यावर नुसतीच होडी, आत कुणी नाही. “भाभींना होडीचीच लागत्यात की,” ती म्हणाली. “नऊ वर्षं झाली. आता माझ्याकडं संपत आल्यात. पुण्यावरनं मागवून ठेवते त्यांच्यासाठी.” त्याला ते काहीतरी बोचलं. नऊ वर्षं आपली बायको एका परक्या बाईकडे होड्या मागत होती आणि आपल्याला पत्ता नाही. घरी येऊन त्यानं विचारलं तर रंभा चुंबळीतून म्हणाली, आवडतात म्हणून वाचते, तुम्ही तंबाखू का खाता असं मी विचारते का.

पहिल्या कादंबरीत नायक थंड हवेच्या ठिकाणच्या तळ्यात वल्हवता वल्हवता गाणं म्हणत होता आणि नायिकेच्या हातात हात देत होता, म्हणजे वल्ही कोण मारत होतं देव जाणे. दुसरीत खाडीला भरती आणि ओहोटी एकाच पानावर होती. तिसरीत तर होडी आपोआप किनाऱ्याला लागली, कारण दोघांना एकमेकांकडे बघायचं होतं. रामहरी प्रत्येक ठिकाणी थांबायचा, चडफडायचा, ‘असं नसतं’ म्हणायचा. रंभा म्हणायची, पुढं वाचा. एकच पुस्तक त्याला पटलं होतं, इंग्रजीतून मराठीत आणलेलं, त्यात कॉलेजातली आठ पोरं शर्यतीची लांबच लांब होडी वल्हवत होती आणि आठही जणांची पाठ जिंकायच्या रेषेकडे होती. होडीच्या शेपटाला एक किरकोळ पोरगा बसलेला, त्याला एकट्याला पुढचं दिसायचं, तो ओरडून सांगायचा आणि आठ जण त्याच्या तोंडाकडे बघून ओढायचे. तिथं रामहरीनं पुस्तक खाली ठेवून, ह्याला कळतंय, असं म्हटलं होतं. पण ती प्रेमकथा निघाली आणि शर्यत दीडशे पानं मागं पडली. लोकांना काय एवढं प्रेम लागतं, त्याला कळत नव्हतं. आणि प्रेमाला होडी का लागते? पायी चालत जाऊन करता येत नाही का?

त्या दिवशी दुपारी मात्र रंभा हटून बसली. चहा नळीनं पिऊन झाल्यावर तिनं सांगितलं, शेखर-मधुराचं राहू द्या, पुढचं प्रकरण घ्या, त्यात मधुराची थोरली बहीण नवऱ्याला सोडून नदीपलीकडे जाते. तिनं ही कादंबरी आधी वाचलेली होती, हेही तेव्हाच कळलं. रामहरीनं पान उघडलं. थोरली बहीण पहाटे गाठोडं घेऊन घाटावर आली. धुकं होतं. तिच्या मनात कालवाकालव झाली, दीड पान झाली. मग पलीकडे तो उभा होता आणि तिचं हृदय आनंदानं भरून आलं, हेही एक पान. आणि या दोहोंच्या मध्ये एक वाक्य होतं, ‘नावाड्याने नाव हाकारली.’ बस. एवढंच. रामहरीची जीभ त्या वाक्यावर थांबली, पुढं जाईना. नावाड्यानं नाव हाकारली. म्हणजे नाव काय बैलगाडी आहे? आणि तो नावाडी कोण, त्याचं नाव काय, वय काय? त्याच्या समोर ती बाई पूर्ण नदीभर बसलेली होती ना, त्यानं काय पाहिलं? त्याचा आवाज चढला. लिहिणाऱ्याला काय पडलंय, तो म्हणाला, ह्यांची बाई गेली पलीकडं, झालं. वल्हवणाऱ्याला पुढचा काठ दिसतच नसतो. त्याला दिसतं ते मागं सुटलेलं आणि समोर बसलेलं माणूस.

पलंगावरची पाठ हलली नाही. “मग तुमच्या समोर कोण बसलं होतं?” रंभानं विचारलं.

कुणी नाही, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं. हे उत्तर त्याच्याकडं तयार होतं, अठ्ठेचाळीस वर्षं तयार होतं. पण समोर तिचं तोंड नव्हतं. पांढऱ्या केसांचा अंबाडा, ब्लाउजच्या वर उघडी राहिलेली मान, त्यावर घामोळ्या. मानेला खोटं सांगायला त्याला जमलं नाही. “आई,” तो म्हणाला.

केमच्या स्टेशनावरून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, भीमेच्या काठावर त्याचं गाव होतं. बाप तरीवर नाव चालवायचा, पलीकडे इंदापूरकडची एसटी मिळायची म्हणून माणसं पार करायचा. त्या वर्षी धरणाच्या मोजणीची माणसं गावात उतरली. साखळ्या ओढायची, खुंटे ठोकायची, कुणाचं घर किती पाण्याखाली जाणार ते कागदावर मांडायची. त्यातला साखळी धरणारा एकजण सांगोल्याकडचा होता, हसरा, हलगी वाजवायचा. तो यांच्या ओसरीवर पाणी प्यायला यायचा. रामहरी पंधरा वर्षांचा होता. फाल्गुनातली सकाळ, नदी आटत आलेली, बापाला ताप होता. आई गाठोडं घेऊन आली आणि म्हणाली, मला पार कर, मामाकडं दोन दिवस जाऊन येते. त्यानं होडी सोडली. मामाचं गाव ह्याच काठावर, वरच्या अंगाला होतं. हे त्याला माहीत होतं. निघताना माहीत होतं, मधोमध आल्यावरही माहीत होतं. आई होडीच्या शेपटाला बसलेली, तोंड त्याच्याकडे, पण ती त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत होती. घरी कधी न पाहिलेलं तोंड होतं ते. रडवेलं नाही, भेदरलेलं नाही. उन्हात तासभर उभं राहून शेवटी एसटी दिसावी, तसं. तिच्या तोंडावरूनच त्याला कळलं की आपल्या पाठीमागच्या काठावर कुणीतरी उभं आहे. मान वळवली असती तर दिसलं असतं. वल्हवताना माणूस दहा वेळा मान वळवून बघतो, बघावंच लागतं, नाहीतर होडी भलतीकडे जाते. त्या दिवशी त्यानं एकदाही वळवली नाही. तिच्या डोळ्यांवर नेम धरून त्यानं होडी सरळ काठाला लावली. तिनं उतरताना त्याच्या खांद्यावर हात टेकवला, उतरायला आधार म्हणून टेकवतात तसा, आणि ती काही बोलली नाही.

“आणि मग परत आलो,” तो रंभाच्या मानेला सांगत होता. “येताना तोंड कुटं असतंय? त्या काठाकडं. दोघं चढण चढत होती. बघायचं नव्हतं मला. पण तसंच बसावं लागतंय, दुसरीकडं बघताच येत न्हाय. नदी संपेपर्यंत बघत आलो.”

बापानं विचारलं तेव्हा त्यानं मामाचं नाव सांगितलं. चार दिवसांनी बापाला सगळं कळलं, पण त्यानं पोराला मारलं नाही, एक शब्द काढला नाही, आणि ते सगळ्यात वाईट होतं. पुढच्या एक-दोन वर्षांत गाव उठलं, निम्मी माणसं इकडं गेली, निम्मी तिकडं, आणि नव्या वसाहतीत बापानं शेजाऱ्यांना सांगितलं, बायको पटकीनं गेली. गाव बुडालं म्हणून खोटं तरलं. रामहरीच्या लग्नात तेच सांगितलं गेलं. बाप वारला तेव्हा दहाव्याच्या नंतर एक पोस्टकार्ड आलं, दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात, तब्येतीला जप एवढंच. खाली आईचं नाव, सारजाबाई, आणि सांगोल्याजवळच्या एका वस्तीचं नाव. त्यानं ते फाडून चुलीत घातलं. वस्तीचं नाव मात्र जळलं नाही, ते आत कुठंतरी राहिलं, दर उन्हाळ्यात सांगोल्याच्या टँकरची बातमी आली की वर यायचं आणि तो पान उलटायचा.

रंभानं कपाळाखालची चुंबळ सरकवून घेतली. मग म्हणाली, “म्हणजे अडतीस वर्षं मी जित्या बाईचं पान वाढत आले.” त्याला वाटलं होतं ती रडेल, किंवा जवळ या म्हणेल, कादंबऱ्यांत तसंच होतं. पण तिचा आवाज खरखरीत होता, चिडलेला. पितृपंधरवड्यात दरवर्षी नवमीला, सकाळपासून उपाशी राहून, भरडा, वडे, खीर, अळूची भाजी. एका वर्षी ताप असताना केलं होतं. एका वर्षी वैष्णवीची परीक्षा होती तरी केलं होतं. तुम्ही समोर बसून हात जोडत होता, ती म्हणाली, आणि मी मनात म्हणायची, आत्याबाई, काही चुकलं असलं तर पदरात घ्या. कोण पदरात घेणार होतं? ती तिकडं भाकरी थापत बसली असेल. रामहरी म्हणाला, तुला सांगून काय उपयोग होता. हे बोलू नये ते तो बोलून गेला. “उपयोग?” रंभा म्हणाली. “झोपेत तुमी हात ओढता. लग्न झाल्यापास्नं. दोन्ही हात असे छातीशी ओढता आणि कण्हता. मला वाटलं, ह्यांच्या हातनं कुणीतरी बुडालंय. विचारलं की उठून जायचा. म्हटलं, ह्यो माणूस सांगत न्हाय तर दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलं असंल की. म्हणून वाचत होते. सगळ्या पुस्तकांत नुसतं प्रेम निघालं.”

त्यानंतर दोन दिवस तिनं वाचा म्हटलं नाही. हे दोन दिवस त्याला आधीच्या सगळ्या दिवसांपेक्षा जड गेले. कुकरच्या शिट्ट्या, थेंब टाकण्याच्या वेळा, तोंडाखालचं ओलं फडकं बदलणं, सगळं बिनबोलता. तो पुस्तक उघडून बसायचा, शेखर-मधुराचं लग्न ठरत आलेलं होतं, तो ते मनात वाचायचा आणि चिडायचा, मग लक्षात यायचं की आपण पुढं काय होतं ते बघायला वाचतोय, आणि आणखी चिडायचा. आईच्या तोंडावरचा तो आनंद. सगळं त्यातच अडकलं होतं. ती दुःखी असती तर त्यानं होडी फिरवली असती, असं तो स्वतःला अठ्ठेचाळीस वर्षं सांगत आला होता. बाप तिला मारायचा नाही, उपाशी ठेवायचा नाही. तरी तसलं तोंड तिनं घरात कधी केलं नाही. त्या पंधरा वर्षांच्या पोराला ते तोंड आवडलं होतं, हे तो कुणाला सांगणार? वल्ही मारताना त्याला वाटलं होतं, जाऊ दे हिला. एक क्षणभर. ही चोरी त्यानं बापापासून लपवली, मग स्वतःपासून. रंभाला त्यानं सगळं सांगितलं होतं, एवढं सोडून. तिसऱ्या दिवशी थेंब टाकताना, ती डोकं जरा वळवून पडलेली असताना, तेही त्यानं सांगून टाकलं. तिच्या लाल, सुजलेल्या डोळ्यातून औषध ओघळत होतं. “असंल,” ती म्हणाली. “पोरं आईचं तोंड बघूनच काय ते करत असत्यात.” आणि मग, डोळा मिटून, “वस्तीचं नाव सांगा.”

पंधराव्या दिवशी डॉक्टरांनी पडदा चिकटलाय म्हणून सांगितलं. नजर पूर्ण येणार नव्हती, पण जेवढी होती तेवढी राहणार होती. रंभानं मान सरळ केली आणि पहिल्यांदा नवऱ्याकडं पाहिलं, आणि म्हणाली की तुमची दाढी चार दिवसांची झालीय, हे बरं दिसत नाही. महिनाभर तिनं प्रवास करायचा नव्हता. तो महिना रामहरीनं कारणं शोधण्यात घालवला. ऊन फार आहे. ती बाई वारली असेल. तिच्या पोरांना काय वाटेल. रंभा प्रत्येक कारण ऐकून घ्यायची आणि कणीक मळत राहायची. महिना झाल्यावर ती काळा चष्मा लावून पिशवी घेऊन दारात उभी राहिली. त्याला इतका वैताग आला की कुलूप लावताना किल्ली दोनदा खाली पडली.

सांगोल्याच्या अलीकडे उतरून दीड मैल चालावं लागलं. दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा, फांद्यांना बांधलेली जुन्या साड्यांची फडकी, वाटेवर मेंढरांच्या लेंड्या. पत्र्याचं घर, पुढं टाकी, टाकीच्या सावलीत एक कुत्रं झोपलेलं. सारजाबाई कुटं राहत्यात, असं विचारल्यावर वाटेतल्या एका बाईनं बोट दाखवलं होतं, म्हणजे ती जिवंत होती. रामहरी टाकीपाशी थांबला. इथपर्यंत आलो, आता तू हो पुढं, तो म्हणाला, मी आहे इथंच. रंभानं काळ्या चष्म्यातून त्याच्याकडं पाहिलं, पण वाद घातला नाही. ती आत गेली. आतून बांगड्यांचा आवाज आला, बाजेवर कुणीतरी उठून बसल्याचा आवाज आला, मग बायकांचं बोलणं, त्यातला एक आवाज म्हातारा, जरा मोठ्यानं बोलणारा, ऐकू कमी येणाऱ्या माणसांचा असतो तसा. शब्द कळत नव्हते. तो ऊन पाठीवर घेत उभा राहिला. निघून जावं, एसटी स्टँडवर जाऊन बसावं, असं त्याला अगदी खरं खरं वाटलं. पाय मात्र निघाले नाहीत, आणि ह्या पायांचाही त्याला राग आला.

रंभा दारात आली. चष्मा तिनं काढून हातात धरला होता.

“काय म्हणाली?” त्यानं विचारलं. “तू सांगितलंस कोण ते?”

“सांगायची गरजच पडली न्हाय. खिडकीतनं बघितलं त्यांनी तुमाला, आपण येत होतो तवाच, चालणं बापासारखं हाय म्हणाल्या,” रंभा म्हणाली. “आत या म्हणत्यात. आणि चपला बाहेर ठेवू नका म्हणाल्या, कुत्रं पळवतंय.”

एवढ्या वर्षांनी हे. रामहरीनं सुस्कारा टाकला, खाली वाकून चपला काढल्या, धूळ झटकली, आणि त्या हातात धरून, डोकं चौकटीला लागू नये म्हणून वाकून, आत गेला.